टिप्पणीशेजारचा फोटो

विकीवर टिप्पणी करणाऱ्याचा चेहरा दिसला पाहिजे, असं मीटिंगमध्ये सगळ्यात मोठ्यानं कोण म्हणालं असेल, तर आदिनाथ. टेबलावर हात आपटून म्हणाला. त्याला तसं म्हणणं भागच होतं.

आदिनाथ विष्णुपुरीच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायचा आणि उरलेल्या वेळात ‘आपलं रान’ नावाची विकी सांभाळायचा. नांदेड-लातूरकडची पिकं, सण, खाणंपिणं, जे ज्याला ठाऊक ते त्यानं तिथं लिहायचं, खाली इतरांनी टिप्पण्या करायच्या. हदगावच्या कापसावर त्यानं स्वतः एक लांबलचक पान लिहिलं होतं. इतकं लांब की त्याच्या बायकोनंही ते अर्ध्यात सोडलं. आणि निलंग्याच्या तारामतीबाईंनी, अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या बाईंनी, येळवशीवर, म्हणजे वेळ अमावस्येच्या सणावर, चार परिच्छेद लिहिले, तर त्याखाली टिप्पण्यांची रीघ लागली. शेतातली कडब्याची कोप म्हणजे खोपटी, मडक्यातलं आंबील, भज्जी, उंडे... पुण्यात नोकरीला गेलेली पोरं रडल्याचं लिहीत होती. आदिनाथच्या पोटात दुखलं. दुसरं काही कारण नव्हतं, तेवढंच.

दिवाळीत तो हदगावला घरी गेला, तेव्हा त्यानं आईच्या नंबरवरून ‘रानवारा’ नावाचं खातं उघडलं. ओटीपी आईच्याच फोनवर आला आणि त्यानं तो पुसून टाकला. मग रानवाऱ्यानं तारामतीबाईंच्या पानाखाली लिहिलं. लिहिताना मजा आली, हेही खरं.

बाईंनी लिहिणं बंद केलं. आदिनाथनं, या महात्म्यानं, त्यांना समजुतीचा फोनसुद्धा केला.

“मावशी, अशा लोकांकडं लक्ष देऊ नका.”

“लक्ष न्हाई देत सर,” त्या म्हणाल्या. “पर तोंड दाखवून बोल म्हनावं त्याला. असलं लपून कशाला?”

हेच वाक्य त्यांनी विकीच्या ग्रुपवरही टाकलं, आणि त्यातून मीटिंग झाली, टेबलावर हात आपटला गेला. कोड लिहायचं कामही आपसूक आदिनाथकडं आलं. खेड्यात एका घरात एकच फोन आणि त्याच फोनवर सासू, सून, नातू सगळे, हे त्याला माहीत होतं, पण प्रत्येकाचं वेगळं खातं कोण लावत बसणार? लोकांना फोटो अपलोड करायला शिकवणंही त्याच्या जिवावर आलं. म्हणून त्यानं सोपी युक्ती केली. आपल्या फोनवरून विकीच्या नंबरला फोटो पाठवा. त्या नंबरवरच्या सगळ्या जुन्या-नव्या टिप्पण्यांशेजारी तो आपोआप लागेल. रानवारा थोडाच फोटो पाठवणार होता? त्याच्यापुढं राखाडी गोल राहिला असता, तसे पन्नास जणांपुढं राहणारच होते. आदिनाथ निर्धास्त झाला.

त्याची बहीण आरती मात्र माहेरी आली होती. भावाच्या विकीचं तिला भारी कौतुक. “माय, दादाच्या विकीवर तुझाबी फोटो पाहिजे,” म्हणत तिनं आईला दारात उभं केलं, पदर नीट करायला लावला आणि आईच्याच फोनवरून फोटो धाडून दिला.

सोमवारी वर्गात पोरांना दाखवावं म्हणून आदिनाथनं येळवशीचं पान उघडलं. रानवाऱ्याच्या टिप्पणीशेजारी, त्या गोलात, त्याची आई होती. डोक्यावर पदर, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, फोटो काढताना हसू नये असं वाटत असतानाही हसलेली. आणि शेजारी तिचे म्हणून त्याचे शब्द. आयुष्यात त्याला इतकी लाज कधी वाटली नव्हती. पोरांपुढंच त्यानं आधी फोटो उडवला, मग टिप्पणी, मग अख्खं खातं. कुणी पाहिलं नसेल, असं तो दिवसभर स्वतःला सांगत राहिला. कसली लाज आणि कसलं काय, संध्याकाळी तो पोटभर जेवलाही.

रविवारी आईनं बोलावून घेतलं. ती ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. त्याला पाणी दिलं, पण त्याच्याकडं पाहिलं नाही.

“निलंग्याच्या बाईचा फोन आलता.”

आदिनाथनं पेला खाली ठेवला. मागच्या साली विकीची मंडळी हदगावला आली होती, तेव्हा तारामतीबाई याच ओसरीवर जेवल्या होत्या. जाताना आईनं त्यांची ओटी भरली होती, दोघींनी एकमेकींचे नंबर घेतले होते. हे तो साफ विसरला होता.

“मला इचारती, अक्का, माझं काय चुकलं ते तरी सांगा. लई रडली रं.”

“मग? काय म्हणालीस तू?”

“काय म्हनू? माझा फोन तुझ्याबगर कोन घेतंय, आं? आरतीनं तर निस्ता फोटो धाडला. म्हनले, चुकलं बाई माझं. माफ कर.”

आईला अक्षरओळख नव्हती. सही करायची वेळ आली की ती अंगठा पुढं करायची.

“माय, मी ते काढून टाकलंय. आता काहीच न्हाई तिथं.”

“काय लिवलंवतं मी?”

“जाऊ दे ना.”

“माफी मागितली म्या. कशाची मागितली ते तरी कळू दे. काढलं असशील, पर तुला पाठ असंल.”

पाठ होतं. आदिनाथनं खाली मान घातली आणि सांगितलं. पोरांना खिचडी वाटणाऱ्या बाईनं इथं शहाणपण वाटू नये. हे कुणाकडून तरी लिहून घेतलेलं दिसतंय. असल्या बायकांना पाटावर बसवलं की डोक्यावर बसतात. शेवटच्या वाक्याला त्याचा आवाज इतका बारीक झाला की आईनं ते पुन्हा सांगायला लावलं.

आईचे हात शेंगांवर थांबले.

“म्या तिची ओटी भरली,” ती म्हणाली, “अन् म्याच असं म्हनले?”

“तू न्हाई माय. मी.”

“तिला कुठं ठाव हाय?”

तिनं कमरेचा फोन काढला. नावं वाचता येत नाहीत म्हणून आरतीनं तिला ज्याच्या त्याच्या नंबरावर त्याचा फोटो लावून दिला होता. आईनं तारामतीबाईंच्या चेहऱ्यावर बोट ठेवलं आणि फोन आदिनाथच्या हातात दिला. तिकडं एकच रिंग झाली.

“हां, बोला अक्का,” तारामतीबाई म्हणाल्या. “तुम्ही कशाला पुन्यांदा फोन केलात? मी तवाच इसरले बघा समदं.”