इथे पाणी येतं का?

मित्रांनो, मी गल्लीच्या तोंडावरचा एक जुना दगडी खांब आहे आणि माझे डोके फिरलेले आहे. आपली कहाणी गोड आवाजात सांगायची असते, हे मला कळते. पण माझे तोंड काही वर्षे लिंपून ठेवले होते. आता थोडे ओरडू द्या.

एका पाथरवटाने मला घडवले. मागची नदी पहिल्यांदा गल्लीत शिरली, तेव्हा पाणी जिथवर चढले तिथे त्याने माझ्या अंगावर छिन्नीने आडवी रेघ मारली. मोठ्या माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर. मग गल्लीत नियमच झाला: ज्याचे डोके रेघेच्या वर, त्यानेच तळमजल्यावर झोपायचे. मुले माझ्याशी पाठ लावून उभी राहत आणि आया ओरडत, "टाचा टेक, लबाडा!" माझा केवढा मान होता तेव्हा!

पुढे वरच्या अंगाची मोकळी जमीन सिमेंटखाली गेली. पाऊसही ताळतंत्र सोडून पडू लागला. पिढीतून एकदा येणारे पाणी दर दोन-तीन वर्षांनी पायऱ्या चढू लागले. घरांना गिऱ्हाईक मिळेना. तेव्हा एक दलाल आला. गल्लीने त्याचे नाव गोडबोल्या ठेवले.

"हा खांब बघूनच लोक परत फिरतात," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी माझ्यावर गिलावा चढला, वर आकाशी रंग आणि त्यावर पाटी: 'नदीकाठचे निवांत घर'. सिमेंट कालवत कोण होते? इस्त्रीवाला! ज्याच्या लहानपणी मी शंभरदा टाचा टेकवून घेतल्या, तोच. एकाही माणसाने "अरे, हे काय चाललंय?" असे विचारले नाही. आजही आठवले की माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

मग एक नर्स घर बघायला आली. सासूबाईंचे गुडघे गेलेले, म्हणून तिला तळमजलाच हवा होता. घर होते शिवणकाम करणाऱ्या काकूंचे.

"काकू, पावसाळ्यात इथे पाणी येतं का हो?"

काकूंनी माझ्याकडे पाहिले. तेवढ्यात गोडबोल्या मध्ये पडला. "पाणी ना? चोवीस तास, ताई! नळ सोडला की धो धो!"

"हो," काकू खाली बघत म्हणाल्या, "पाण्याची काळजी नाही."

नर्स हसली आणि तिने घर घेतले. मी आतून किंचाळत होतो, पण गिलाव्यातून आवाज कसा जाणार?

दुसऱ्याच वर्षी भर दुपारी नदी आली. नर्स कामावर होती. सासूबाई कशाबशा टेबलावर चढून बसल्या आणि पाणी हनुवटीला लागले. इस्त्रीवाल्याने खिडकीचे गज उचकटले, आजींना पाठीवर घेतले आणि वरच्या मजल्यावर नेले. तिथे तो रडायलाच लागला.

"आजी, मला ठाऊक होतं हो."

आजी खोकत होत्या. खोकला थांबल्यावर म्हणाल्या, "मग मूग गिळून का बसलास?"

पाणी ओसरल्यावर तो हातोडी घेऊन माझ्याकडे आला. सगळा गिलावा त्याने एकट्याने फोडला. जुन्या रेघेच्या वीतभर वर नवी रेघ मारली. मी त्याला अजून माफ केलेले नाही.

आता नर्सला हे घर विकायचे आहे, कारण पाऊस लागला की सासूबाई बसल्या जागी थरथरतात. परवा एक जोडपे आले, बरोबर काठी टेकत आजोबा. बाईने विचारले, "ताई, इथे पाणी येतं का?"

गोडबोल्याने तोंड उघडले. "पाणी ना? चोवीस..."

"तुम्ही गप्प बसा," नर्स म्हणाली. तिने आजोबांना हाताला धरून माझ्याशेजारी उभे केले आणि नव्या रेघेवर तळवा टेकवला. तो आजोबांच्या नाकासमोर आला.

"येतं," ती म्हणाली. "इथपर्यंत."

जोडपे निघून गेले. घर अजून तसेच आहे.

मित्रांनो, माझी काळजी घ्या, मला जपा, असे मी म्हणणार नाही. मी दगड आहे, मला पाण्याने काही होत नाही. तुम्ही घर बघायला जाल, तेव्हा ताज्या रंगावर जरा नख मारून बघा. आणि तुम्हाला कोणी विचारले की इथे पाणी येते का, तर नळाचे सांगू नका.