स्लॅबखालची खुर्ची

सुलाबाईंनी काठीचे पितळी टोक स्लॅबखालच्या लाकडी टेकूवर दोनदा आपटले, कान देऊन ऐकले आणि सेंट्रिंगवाल्या नवनाथकडे पाहिले.

“हा कोणी सैल केला?”

नवनाथने हातातली पहार पाठीमागे नेली.

“मॅडम, एकच बघत होतो. निघतोय का नीट.”

“निघणारच. तू काढतो आहेस ना? पाचर परत ठोक. मी इथेच उभी आहे.”

कॉलनीतल्या बुद्धविहाराशेजारी मुलांसाठी अभ्यासिका बांधली जात होती. तिचा आराखडा सुलाबाई पगारे यांनी केला होता आणि त्यावर सहीही त्यांचीच होती. पाटबंधारे खात्यातून अभियंता म्हणून त्यांना निवृत्त होऊन पुष्कळ वर्षे लोटली होती. सही मात्र निवृत्त झाली नव्हती. उद्या बुद्धपौर्णिमा, उद्याच उद्घाटन. पत्रिका वाटून झाल्या होत्या, आणि नव्या स्लॅबखाली अजून टेकूंचे रान उभे होते.

बँकेतून सुटलेला बुद्धभूषण स्कूटर लावून थेट आत आला. सुलाबाईंचा हा एकुलता एक मुलगा विहार समितीचा सचिव होता.

“आई, घरी चल. अंजली जेवायची थांबलीय.”

“याला पहार घ्यायला कोणी सांगितलं?”

“मी.” त्याने आवाज खाली घेतला. “उद्या एवढी माणसं येणार. त्यांनी काय बल्ल्यांना मिठी मारून बसायचं?”

“बसतील.”

“दोन आठवडे झाले की स्लॅबला. सगळीकडे एवढ्यात काढतात.”

“सगळीकडे काढतात आणि मग सगळीकडे भेगा बुजवत बसतात. हा गाळा मोठा आहे, मधे एकही खांब नाही. सिमेंटही सावकाश ताकद धरणारं आहे. आणखी एक आठवडा.”

“मी समितीला शब्द दिलाय. आधीच लोक म्हणतात, सचिवाचं आईपुढे काही चालत नाही.”

“खरं तेच म्हणतात.”

नवनाथने हसू लपवायला तोंड वळवले. बुद्धभूषण हसला नाही. त्याचे कान लाल झाले होते.

त्याला हे नवे नव्हते. त्यांच्या घरात पाहुण्यांसाठी भातसुद्धा दीडपट शिजत असे. अंदाज चुकला तरी पंगत उपाशी उठता कामा नये, हा नियम होता. अंजली नवी सून असताना तिने लोणच्याच्या बरण्या फळीच्या मधोमध मांडल्या होत्या. सुलाबाईंनी एक शब्दही न बोलता त्या दोन्ही टोकांना, लोखंडी आधारांच्या वर सरकवल्या. आता अंजली माहेरी गेली की तिथल्याही बरण्या सरकवून येते.

सुलाबाई म्हणजे इगतपुरीच्या रेल्वे गँगमनची, पुंजारामची मुलगी; अभियांत्रिकीच्या वर्गात ती एकटीच मुलगी होती. शेवटच्या वर्षी तिच्या सरांनी खडू खाली ठेवून सांगितले होते: ज्याची सही, त्याने पहिला भार येताना खाली थांबावे. मुले हसली. तिने मात्र ते ऐकून घेतले. सुरगाण्याच्या बाजूला तिने बांधलेल्या पहिल्या पुलावरून खडीचा भरलेला ट्रक गेला, तेव्हा ती खाली ओढ्यात, पुलाच्या बरोबर मधोमध उभी होती. बुद्धभूषणच्या वेळचा सातवा महिना होता. मुकादमाने हात जोडले, नवऱ्याने चार दिवस अबोला धरला. ती जागची हलली नव्हती. हा प्रसंग घरात इतक्यांदा सांगून झाला होता, की ‘सुरगाणा’ म्हटले रे म्हटले की बुद्धभूषण पाणी प्यायला उठत असे.

“टेकू निघाले, तर माझी सही मी आज खोडून देते,” सुलाबाई म्हणाल्या. “मग तुझा शब्द तू पाळ.”

बुद्धभूषण दाराकडे वळला. मग आईकडे न पाहता म्हणाला, “नवनाथ, ठोक ती पाचर.” आणि स्कूटरची किल्ली चाचपत बाहेर पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंजली आणि कॉलनीतल्या बायकांनी टेकूंना पंचरंगी पताका गुंडाळल्या. पोरे त्यांच्या मधून पकडापकडी खेळली. वृद्ध भंतेजी एका बल्लीला धरून सावकाश खाली बसले आणि म्हणाले, “आधाराची सोय उत्तम केली आहे.” लोक मनापासून हसले. बुद्धभूषणने आभाराचे भाषण केले. त्यात सगळ्यांची नावे आली, अभियंत्याचे राहून गेले. सुलाबाईंनी टाळ्या मात्र सगळ्यांच्या बरोबरीने वाजवल्या.

पुढचा आठवडाभर मायलेक गरजेपुरते बोलले. सुलाबाई रोज सकाळी जिना चढून स्लॅब मुरण्यासाठी वर केलेल्या वाफ्यांत पाणी आहे ना, हे पाहून येत. एकदा टँकर आला नाही, तेव्हा त्यांनी घरच्या टाकीला पाइप जोडून दिला. त्या दिवशी बुद्धभूषणने कुरकुर न करता एका बादलीत अंघोळ उरकली.

रविवारी टेकू काढायला सुरुवात झाली. कडेचे उतरले, त्यांच्यावरच्या लोखंडी प्लेटा निघाल्या, जमीन झाडून झाली. मधली रांग तेवढी उरली. सुलाबाईंनी विहारातून खुर्ची मागवली आणि त्या रांगेशेजारी, खोलीच्या मध्यावर मांडायला लावली.

“मॅडम, भाईर बसा की,” नवनाथ म्हणाला. “लय धूळ हाय.”

“तुझं काम तू कर.”

नवनाथने दाराकडे पाहिले. तिथे बुद्धभूषण उभा होता. त्यानेच काही सांगावे, अशी नवनाथची नजर होती.

बुद्धभूषण आत आला. पण आईपाशी न थांबता तो विहाराकडच्या दाराने पलीकडे गेला आणि दुसरी खुर्ची घेऊन परतला. ती त्याने आईच्या खुर्चीला लावून ठेवली, रुमालाने पुसली आणि बसला.

सुलाबाईंनी मान वळवली.

“ऊठ. यावर तुझी सही नाही.”

“सुरगाण्याच्या पुलावर तरी कुठे होती?”

सुलाबाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला. मग एकदा वर स्लॅबकडे आणि एकदा दोन्ही भिंतींकडे पाहून त्यांनी आपली खुर्ची थोडी बाजूला सरकवली. आता स्लॅबचा बरोबर मध्य दोघांच्या मधोमध येत होता.

त्यांनी काठी मांडीवर आडवी घेतली.

“नवनाथ,” त्या म्हणाल्या, “काढ.”