ढोलीतली भुजली

सत्तावन सालातला माघ. कुरखेड्याजवळच्या त्या गावातल्या शाळेत गिरजाच्या शेजारची जागा अकरा दिवस रिकामी होती. बुधरी येत नव्हती. नवे गुरुजी वर्ध्याकडचे, पोरांना अजून चेहऱ्यापेक्षा हजेरीतल्या नंबरानंच ओळखणारे. वहीवर बोट आपटून ते म्हणाले, "आज दुपारच्या हजेरीला आली नाही, तर नाव कापणार. मग सातवीची परीक्षा विसरा."

सगळ्याचं मूळ गिरजाच होती, दुसरं कोण!

या दोघी भुजली. राखीच्या दुसऱ्या दिवशी, अंधारात उगवलेले गव्हाचे पिवळे कोंब एकमेकींच्या कानामागे खोचले की त्या पोरी जन्माच्या मैत्रिणी. मग हाक मारायची ती 'भुजली' म्हणूनच. नाव घ्यायचं नाही, मेलं तरी नाही. आणि गुरुजींनी "दौत कोणी सांडली?" असं दरडावलं, तेव्हा या बयेनं साऱ्या वर्गासमोर फाडकन सांगितलं, "बुधरीनं." खरं होतं हो, पण खरं सांगायलाही काही रीत असते की नाही! बुधरीला दोन छड्या बसल्या. दुसऱ्या दिवसापासून तिनं शाळेचं तोंड पाहिलं नाही.

मधल्या सुट्टीत गिरजा ढिवरांच्या मोहल्ल्यात धावली. बुधरीची आई रुखमाबाई अंगणात जाळं सांधत होती.

"शाळेतच तर गेली नं पाटी घेऊन," ती म्हणाली. "गुरुजीनं धानाचं बी मांगतलं म्हणून तीनदा मूठ मूठ नेलं. तुमी दोघी संगच नाई का?"

"हाव, बाई," गिरजा म्हणाली. थाप मारताना तिचे कान तापले.

गुरुजींनी कुठे बी मागितलंय? कधीच नाही. मग पाटी आणि धान घेऊन ही जाते तरी कुठे? तिकडे सुट्टी संपल्याची घंटा वाजली. गिरजानं जन्मात कधी शाळा बुडवली नव्हती. आज तिनं शाळेकडे पाठ केली आणि तलावाची पाळ गाठली. पाळीपलीकडे मोहाचं एक म्हातारं झाड होतं. त्याच्या ढोलीत दोघी चिंचा लपवून ठेवायच्या, ते ठिकाण तिसऱ्या कुणाला माहीत नव्हतं.

बुधरी तिथेच होती. हातात काठी घेऊन ढोलीपुढे राखण करत बसली होती.

"भुज..." गिरजानं हाक अर्धीच सोडली. आता कोणत्या तोंडानं म्हणणार? "छडी बसली म्हणून रुसली काय वं?"

"छडीचं काई नाई. तू मायं नाव घेतलं." बुधरीचे डोळे भरले. "माय म्हणते, नाव घेतलं का भुजली तुटते. मंग नवी पेरा लागते."

ती बाजूला सरकली. ढोलीच्या अंधारात फुटक्या मडक्यात बोटभर पिवळे कोंब उभे होते.

"गहू कुठून आणू? धानच पेरलं. पहिलं माकडानं खाल्लं, दुसरं खारीनं. मंग राखत बसली. वीतभर व्हा लागते, तवा तुले देणार होती."

तोडली कुणी आणि पेरत बसलं कोण! गिरजाला स्वतःची इतकी लाज वाटली की ती तिथेच रडायला लागली. मग नाक पुसून तिनं मडक्यातला कोंब उपटला आणि बुधरीच्या कानामागे खोचला. "वीतभर होईस्तोवर तुयं नाव कटते! आजच! चाल!"

बुधरीनंही एक कोंब तिच्या कानामागे खोचला आणि दोघी धूम पळाल्या.

गुरुजी लाल शाईचा टाक घेऊनच बसले होते. "काय गं, तूसुद्धा? आणि ही कोण? लवकर हिचं नाव सांग. नाही तर ओढतो रेघ."

बुधरी दम खात गिरजाकडे पाहत राहिली, ही आता काय करते ते. नाव घ्यावं तर भुजली गेली, न घ्यावं तर परीक्षा गेली. गिरजानं हात पुढे केला.

"मी नाव नाई घेत, गुरुजी. भुजली आहे मायी. पायजे तर मले मारा."

गुरुजींचा टाक वहीकडे वळला. तेवढ्यात तलावापर्यंत ऐकू जाईल असा बुधरीचा आवाज आला; स्वतःचं नाव स्वतः घ्यायला थोडीच बंदी होती!

"बुधरी इस्तारी नागापुरे! हजर, गुरुजी!"

गुरुजींनी दोघींच्या कानामागचे कोंब पाहिले. काही कळलं असेल असं वाटत नाही. पण त्यांनी लाल टाक ठेवून काळा उचलला आणि हजेरी लावली. शाळा बुडवल्याच्या दोन-दोन छड्या मात्र दोघींना बसल्याच. दुसऱ्या छडीला गिरजाचा कोंब खाली पडला, तेव्हा बुधरीनं हुळहुळत्या हातानंच तो उचलला आणि पुन्हा तिच्या कानामागे खोचला.