फळ्यावरचं तिसरं

या, असे जवळ या. मागे उभे आहात त्यांनीही थोडं सरकून बसावं. गोष्ट मोठी नाही, पण हळू आवाजात सांगायची आहे. एका बाईची, तिच्या बॅगेची आणि एका काळ्या फळ्याची गोष्ट. ऐकून वेळ वाया गेला असं वाटणार नाही, एवढा शब्द देतो.

तर वहिनींनी घराची किल्ली बस डेपोतल्या कंट्रोलरच्या खिडकीतून आत सरकवली. आत कुणी नव्हतं. किल्ली टेबलाच्या काचेवरून घसरत गेली आणि पाण्याच्या पेल्याला टेकून थांबली.

"मास्तर यार्डात आहेत," बाकावरचा एक ड्रायव्हर म्हणाला. "एक गाडी रुसलीय. बसा, येतील इतक्यात."

वहिनी बसल्या नाहीत. दहा पन्नासच्या गाडीला वीस मिनिटं होती. बहिणीच्या गावाला जाणारी ती दिवसातली एकच गाडी. परत कधी यायचं ते त्यांनी ठरवलं नव्हतं. खरं सांगायचं तर यायचं की नाही हेच ठरवलं नव्हतं. भांडण म्हणावं असं काही झालं नव्हतं. भांडायला दोघांना बोलावं लागतं. या घरात बोलायच्या एकट्या वहिनी, आणि समोरून यायचं ते "हं". ताट वाढलं, "हं". बल्ब गेलाय, "हं". दुसऱ्या दिवशी बल्ब बदललेला असायचा, पण त्यावरही शब्द नाही. मुलगी होती तोवर घरात आवाज तरी होता. ती नोकरीसाठी परगावी गेली आणि घराला कुलूप लावल्यासारखं झालं, दोन माणसं आत असताना. परवा केस विंचरता विंचरता वहिनींचा हात थांबला होता. आपण निघून गेलो तर या माणसाला कळायला किती दिवस लागतील?

मास्तर, म्हणजे वहिनींचे यजमान, या डेपोत गाड्या सोडायचं काम करत. वीस वर्षं झाली, वहिनी इथे कधी आल्या नव्हत्या. त्यांनी बोलावलं नव्हतं, यांनी विचारलं नव्हतं.

समोरच्या भिंतीवर फळा होता आणि त्याच्यापुढे पाच-सहा ड्रायव्हर-कंडक्टर मान वर करून उभे होते. वहिनींनी अक्षर लगेच ओळखलं. मुलीच्या शाळेचे अर्ज याच अक्षरात भरलेले असत.

*माहिती:* ऑक्टोपसला तीन हृदयं असतात.

*विनोद:* डॉक्टर म्हणाले, रोज थोडं अंतर कापत जा. ड्रायव्हर म्हणाला, रोज तीनशे किलोमीटर कापतो, पोट आहे तिथेच आहे.

*मनातलं:* आज आमच्या घरी कपाटावरची जांभळी बॅग खाली उतरली. तिचं बक्कल तुटलं आहे, दोरीने बांधली आहे. कुठे निघालीस, हे विचारायचं होतं. ड्युटीची वेळ झाली.

"तीन हृदयं!" एक जण म्हणाला. "इथे एकाचंच औषध परवडेना."

"ते राहू दे रे, तिसरं वाच," एक कंडक्टरबाई म्हणाल्या. "वहिनी निघाल्या की काय कुठे?"

"जातील कशा? डाव्या गुडघ्याने जिना उतरवत नाही त्यांना."

"तुला कसं माहीत?"

"मंगळवारी फळ्यावर होतं की!"

कंडक्टरबाई हसत मागे वळल्या. त्यांची नजर आधी बॅगेवर गेली. मग दोरीवर. मग हळूहळू वर आली.

"अगं बाई," त्या म्हणाल्या. "वहिनी?"

सगळे एकदम वळले. कुणी टोपी काढली, कुणी बाकावरचं वर्तमानपत्र बाजूला करून जागा केली. गुडघा कसा आहे, असं एकाने विचारलं. गॅलरीतल्या लिंबाला फूल आलं का, असं दुसऱ्याने. तिसरा म्हणाला, "दूध उतू गेलं तेव्हा तुम्ही शेगडीलाच झापलंत म्हणे, वहिनी! आम्ही दोन दिवस हसत होतो."

वहिनींच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"म्हणजे आमचं घर इथे भिंतीवर टांगलंय?"

"टांगलं नाही हो," कंडक्टरबाई ओशाळून म्हणाल्या. "ओळख आहे तुमची, इतकंच. दहा वर्षांची."

"मला न विचारता?"

"न विचारता कसं? तुम्हाला तर रोजचं रोज कळतं ना सगळं! फळ्यावरचं तिन्ही संध्याकाळी तुम्हाला जाऊन सांगायचं, म्हणून मास्तरांनी माणूस नेमलाय. ते म्हणतात, मला तोंडाने जमत नाही, लिहिलेलं तिच्या कानावर गेलं म्हणजे झालं."

"कोण माणूस?"

बाकाच्या टोकाला एक मेकॅनिक फडक्याने हात पुसत होता. तो अचानक फारच मन लावून हात पुसू लागला.

वहिनींनी त्याला ओळखलं. त्यांच्याच बिल्डिंगमधला, खालच्या मजल्यावरचा. जिन्यात समोर आला की भिंतीला चिकटून उभा राहणारा.

"भावोजी, तुम्ही?"

"वहिनी, मी आलो होतो," मेकॅनिक फडक्याकडे पाहत म्हणाला. "पहिल्याच दिवशी आलो होतो. मधमाशीला पाच डोळे असतात म्हणालो. आठवतंय?"

वहिनींना आठवलं. हात पिठात होते, बेल वाजली, दार उघडलं तर हा तेलकट टोपी छातीशी धरून उभा. घसा खाकरला आणि म्हणाला, वहिनी, मधमाशीला पाच डोळे असतात. त्यांनी दार लावून घेतलं होतं.

"दुसऱ्या दिवशी म्हटलं, विनोदापासून सुरुवात करू. तो सांगताना मलाच हसू आलं. तुम्ही म्हणालात, पुन्हा पिऊन दारात आलात तर ह्यांना सांगेन."

"मग मला काय वाटायला हवं होतं?"

"मी चहासुद्धा घेत नाही हो, वहिनी." त्याचा आवाज अगदी बारीक झाला. "त्यामुळे तिसरं कधी सांगताच आलं नाही. मास्तर रोज विचारायचे, सांगितलंस? मी म्हणायचो, सांगितलं. एकदा तसं म्हणून बसलो, मग दुसऱ्या दिवशी वेगळं कसं म्हणणार?"

यार्डात एक इंजिन खोकलं आणि पुन्हा गप्प झालं.

"काय होतं ते तिसरं?" वहिनींनी विचारलं. "दहा वर्षांचं?"

"इकडे या," स्टोअरच्या जाळीमागून आवाज आला.

स्टोअरच्या ताई म्हणजे नटबोल्ट आणि टायरट्यूब मोजून देणाऱ्या, साठीला टेकलेल्या बाई. त्यांनी स्टूल पुढे केलं आणि मागच्या फळीवरून वह्या काढल्या. अकरा होत्या, खाकी कव्हरच्या.

"रोज फळा पुसायच्या आधी उतरवून घेते," त्या म्हणाल्या. "माहिती माझ्या डोक्यात राहत नाही, विनोद मला कळत नाहीत. तिसरं तेवढं घेते."

"कशासाठी?"

ताईंनी एका वहीची धूळ पदराने पुसली. "घरी मी एकटीच. संध्याकाळी वाचायला बरं असतं. आज काय झालं, असं. कुणाच्या का घरचं असेना."

वहिनींनी मधलीच एक वही उघडली.

*तिने केस कापले. मान लांब दिसते. छान दिसते.* त्या दिवशी मास्तर "हं" म्हणाले होते.

*मुलीला गाडीत बसवून आलो. तिची आई तिथे रडली नाही. घरी येऊन चुकून तीन ताटं घेतली, तेव्हा रडली. मी पाणी दिलं. नुसतं पाणी पुरेसं नव्हतं.*

मग आणखी आधीची एक वही.

*काल डोकं दुखत होतं. ती सकाळी देवाचं गाणं म्हणत होती, तिच्या आईचं. मी म्हटलं, बंद कर. तिने केलं. माझं चुकलं. देवाची माफी मागेनच, पण आधी तिची. तिने उद्यापासून पुन्हा म्हणावं.*

पुढच्या तारखेला: *आज गाणं नाही.* त्याच्या पुढच्या: *आजही नाही.* आणि महिन्याभराने: *आता विचारणार नाही. निरोप पोचला आहे. माफ करायचं की नाही, तो तिचा अधिकार.*

वहिनी त्या चार ओळींवर बोट ठेवून बसल्या. ह्यांना नको आहे म्हणून त्यांनी ते गाणं गिळलं होतं. सकाळी दिवा लावताना ओठांपर्यंत आलं की ओठ मिटायचे. आणि दाराच्या पलीकडे, खुर्चीत, एक माणूस वर्तमानपत्र उघडून कान देऊन बसलेला असायचा. बिचारा देव दोघांच्या मधोमध उभा राहून काय म्हणत असेल!

"मास्तर आले," कुणीतरी कुजबुजलं.

मास्तर उंच आणि वाळके, गळ्यात शिट्टी, बाहीला ग्रीस. त्यांनी आधी बॅग पाहिली, मग जाळीमागची वही, मग मेकॅनिकचा चेहरा.

"मास्तर," मेकॅनिक म्हणाला, "मी वहिनींना सांगितलंच नाही."

"काय?"

"काहीच. कधीच."

मास्तरांनी एका हाताने फळ्याची कड धरली. इतकी वर्षं रोज एका माणसाशी मनमोकळं बोलावं आणि पलीकडे कुणी नव्हतंच असं कळावं, तेव्हा माणूस कसा दिसतो ते त्या दिवशी डेपोने पाहिलं.

दहा पन्नासच्या गाडीचा ड्रायव्हर घाईने म्हणाला, "मास्तर, चाकांची हवा बघून घेतो एकदा. दहा मिनिटं लागतील."

मास्तरांनी घड्याळाकडे पाहिलं. "हवा सकाळी बघितली आहे. गाडी वेळेवर सुटेल."

"अरे देवा," कंडक्टरबाईंनी कपाळाला हात लावला.

वहिनी उठून त्यांच्यासमोर आल्या. "विचारा ना."

"काय?"

"फळ्यावर लिहिलंय ते. तोंडाने."

मास्तरांचं तोंड उघडलं, मिटलं. "ऑक्टो…"

"माहिती नको."

मास्तरांनी हात पँटला पुसले, एकदा, दोनदा.

"कुठे निघालीस?"

"बहिणीकडे."

"किती दिवस?"

"ते तुम्ही काय बोलता त्यावर होतं."

मास्तरांचे शब्द एकेक करून आले, जड सामान उतरवावं तसे. "माझं चुकलं."

"कशाचं?"

"गाण्याचं."

"नऊ वर्षं झाली हो त्याला."

"आठ वर्षं, दहा महिने," मास्तर म्हणाले.

वहिनींनी पदर तोंडाला लावला. हसत होत्या की काय करत होत्या, कुणाला कळलं नाही. मग त्यांनी बॅग उचलली. कंडक्टरबाईंचा चेहरा पडला.

"बहीण वाट बघत असेल," वहिनी म्हणाल्या. "सोमवारी येते. पावणेपाचच्या गाडीने. घ्यायला या, बॅग जड आहे."

"हं," मास्तर म्हणाले.

"मास्तर!" चार-पाच आवाज एकदम आले.

"येईन," मास्तर दचकून म्हणाले. "येईन म्हणजे… नक्की येईन."

वहिनी स्टोअरच्या जाळीपाशी थांबल्या. "ताई, वह्या वाचायला नेऊ?"

ताईंचे हात वह्यांवरच होते. त्या "न्या की" म्हणाल्या, पण हात निघायला क्षणभर उशीर झाला. वहिनींना तो क्षण दिसला. त्यांनी एकच वही घेतली. "ही आल्यावर परत आणते. मग दुसरी."

दहा पन्नासला मास्तरांनी शिट्टी वाजवली. गाडी वेळेवर सुटली.

मंगळवारी सकाळी फळ्यावर माहिती होती, विनोद होता. 'मनातलं' लिहून त्यापुढे काहीच नव्हतं.

"मास्तर, तिसरं?"

"सांगून झालं," मास्तर म्हणाले. "घरी."

काय गलका झाला म्हणता! कुणी बाक बडवला, कुणी हॉर्न वाजवला, मेकॅनिकने तर मास्तरांना मिठीच मारली आणि त्यांचा पांढरा शर्ट काळा केला. त्या गडबडीत स्टोअरच्या ताईंकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. त्यांनी वही उघडून तारीख घातली होती. थोडा वेळ त्या पेन धरून बसल्या. त्याही हसतच होत्या, आनंद झालाच होता त्यांना. मग त्यांनी वही मिटली आणि बोल्टांचा डबा पुढे ओढला.

दुपारी जाळीपाशी सावली पडली. वहिनी होत्या, गुडघ्यावर हात ठेवून दम घेत.

"ही तुमची वही," त्या म्हणाल्या. "आणि स्टूल द्या बाई आधी. आजची तारीख घातलीत?"

"घातली. पण आज फळ्यावर…"

"फळ्यावर नाही, म्हणून तर आले. घ्या पेन." वहिनी स्टुलावर नीट बसल्या. "काल उतरले, घरी गेलो, जेवायला बसलो. हे बोलायला लागले ते थांबेचनात. कधीचा कुठला पाऊस, कधीची कुठली माझी साडी. माझे डोळे मिटायला लागले. म्हटलं, अहो, झोपा आता, सकाळची ड्युटी आहे. तर म्हणतात कसे, थांब, अजून मागच्या बुधवारचं राहिलंय!"

ताई भराभर लिहीत होत्या. ओळ संपली तशी त्यांनी मान वर केली. "मग? काय झालं होतं बुधवारी?"

वहिनींनी स्टूल आणखी पुढे ओढलं.

एवढीच गोष्ट. आता एक मागणं आहे, तेवढं ऐका आणि मग उठा. रात्री देवापुढे हात जोडाल तेव्हा आपल्या माणसांची नावं घ्यालच; त्यांच्या शेवटी, जमलं तर, त्या स्टोअरच्या ताईंचीही आठवण काढा.