जाणाऱ्यांसाठी उघडणारी खिडकी

मित्रांनो, मी एक जुनी खिडकी आहे आणि स्वस्थ राहणे माझ्या स्वभावातच नाही. वारा नसला तरी माझी तावदाने खडखडतात. सुताराने मला घडवले, दोरी आणि वजने लावून वरखाली सरकायला शिकवले आणि इंग्लंडमधल्या एका बूट बनवणाऱ्या गावात, टेबट कुटुंबाच्या मागच्या खोलीत बसवले. वाटले, आता रोज उघडझाप! कसले काय.

घरधनीण केझाया टेबट वाऱ्याला चोरापेक्षा जास्त घाबरत असे. तिने माझ्या फटींत चिंध्या कोंबल्या, वर तपकिरी कागद चिकटवला. आत चामड्याचा वास, कोळशाचा धूर आणि खोकला. मी नुसती तडफडत असे.

मला उघडत ते फक्त कुणी मेल्यावर. जीव बाहेर जायला वाट हवी, अशी तिथली रीत. केझायाचा नवरा एमोस क्षयाने गेला, तेव्हा शेजारणीने चिंध्या ओढून मला वर सरकवले. थोरला मुलगा वॉल्टर गेला, तेव्हाही. दोन्ही वेळा ताजी हवा खोलीभर पसरली पण ज्याला ती हवी होती, तोच उरला नव्हता. मला भयंकर राग आला. दफन उरकले की चिंध्या पुन्हा जागेवर.

मग धाकटी मुलगी एडा खोकू लागली. तिच्या रुमालावर लाल ठिपका दिसला आणि नगरपालिकेच्या आरोग्य खात्यातल्या मिस प्रिडमोर घरी आल्या. आल्या आल्या त्यांचे लक्ष माझ्याकडे गेले.

“आधी ही खिडकी उघडा बरं. पलंग हिच्याजवळ घ्या. थुंकी झाकणाच्या भांड्यात, आणि पोरीचा कप वेगळा.”

“कप वेगळा देते, भांडंही आणते,” केझाया माझ्यापुढे हात पसरून उभी राहिली. “पण हिला हात लावू नका, बाई! ही उघडली की माझ्या घरातलं माणूस जातं.”

“अहो, माणूस गेल्यावर उघडता तुम्ही!”

“तुम्हाला काय जातंय बोलायला? तुमच्या घरातून दोन शवपेट्या नाही निघाल्या.”

मी जिवाच्या आकांताने खडखडत होते. तेवढ्यात पलंगावरून एडा म्हणाली, “आई, मेल्यावर उघडणारच आहेस ना माझ्यासाठी? मग आत्ताच उघड की. तेव्हा त्या हवेचं मी काय करू?”

केझाया पोटभर रडली. मग नखांनी कागद खरवडू लागली. चिंध्या निघाल्या, दोऱ्या करकरल्या, मी वर सरकले. वारा आत शिरला तशी ती डोळे गच्च मिटून उभी राहिली. पोरीचा श्वास आता थांबणार, याच भीतीने ती कान देऊन होती.

“आई गं, केवढी थंडी! माझी शाल कुठाय?” एडा ओरडली.

“घे, बाई, घे! माझीपण घे,” म्हणत केझाया रडता रडता हसू लागली.

नुसत्या माझ्या हवेने एडा बरी झाली, असे मी म्हणणार नाही. दूध, अंडी, विश्रांती, डॉक्टर, सगळेच लागले, आणि वर्षेही लागली. पण रोज सकाळी मला वर सरकवायची ती एडाच.

आता या घरात नवी माणसे आहेत. त्यांनी मला पांढरा रंग दिला, तोही इतका जाड की मी चौकटीलाच चिकटून बसले आहे. काल खोलीतून कुणाचा तरी खोकला ऐकू आला आणि तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. मित्रांनो, आज घरी गेल्यावर तुमच्या खिडकीला हात लावून पाहा, ती सरकते का. ती उघडायला घरातले कुणी मरण्याची वाट पाहू नका.