अठराशे फायली आणि एक बॅकस्पेस

साहेब दातांत काडी फिरवत माझ्या खुर्चीमागे उभा होता. बोलताना काडी हलायची आणि थुंकीचा शिंतोडा माझ्या स्क्रीनवर उडायचा. मी तो पुसला नाही. पुसला असता तर बोटाला लागला असता.

"प्रत्येक फाइलीच्या डोक्यावर मास्तरांचं नाव आहे. ते काढायचं, तिथे माझं घालायचं. चारला गिऱ्हाईक येतंय."

मास्तर म्हणजे आमच्याकडचे सगळ्यात जुने प्रोग्रॅमर. बारा वर्षं राबवून घेतलं आणि काल त्यांना नारळ दिला. नव्या ठिकाणच्या लोकांनी त्यांच्याकडे एकच मागितलं होतं, तुमचं काम दाखवा. दाखवायला त्यांच्याकडे या फायलींवरचं नाव होतं, दुसरं काही नाही. साहेबाला हे चांगलं ठाऊक होतं.

"साहेब, नुसतं शोधून बदलता येणार नाही. कुठे पूर्ण नाव आहे, कुठे आद्याक्षरं, कुठे पुढे तारीख." वाटलं, एवढ्यावर सुटेन.

"मग मॅक्रो कर की. येतं ना तुला?"

येतं. मास्तरांनीच शिकवलं होतं. तेव्हा ते म्हणाले होते, "एकदा हातानं करून दाखवायचं. एडिटरचा प्रोग्रॅम प्रत्येक बटण लक्षात ठेवतो. मग तो हजार वेळा करतो, आपण चहा प्यायचा."

नाही म्हणायला जीभ उचलली नाही. खुर्ची प्यारी होती, दुसरं काय!

रेकॉर्डिंग सुरू केलं. 'लेखक' शब्द शोधला, पुढची ओळ पुसली, आणि सवयीनं मास्तरांच्या नावाचं पहिलं अक्षर टाइप झालं. बॅकस्पेस. मग साहेबाचं नाव. सेव्ह, बंद, पुढची फाइल.

"शाब्बास!" म्हणून साहेब जेवायला गेला.

अठराशे फायली. मॅक्रो आपोआप चालला होता; प्रत्येकीत मास्तरांचं नाव जायचं, एक अक्षर परत यायचं, तेही पुसलं जायचं, आणि तिथे साहेब येऊन बसायचा. एस्केप दाबलं की सगळं थांबलं असतं.

मागे कुणीतरी खाकरलं. मास्तर. ड्रॉवरमध्ये राहिलेली चष्म्याची डबी न्यायला आले होते. डबी हातात धरून ते स्क्रीनकडे बघत राहिले. पाच फायली गेल्या, दहा गेल्या.

"मास्तर, मला साहेबांनी..."

"रेकॉर्ड करताना चुकलीस बघ," ते म्हणाले. "ते अक्षर आणि बॅकस्पेस दरवेळी होतंय. अगं, चूक झाली की थांबायचं, पुन्हा पहिल्यापासून करायचं. सांगितलं होतं ना?"

आवाज शिकवतानाचाच होता. डबी त्यांनी खिशात टाकली. मी मान हलवली आणि ते गेले.

अजून सहाशे फायली बाकी होत्या. मी एस्केपवर बोट ठेवलं. शेवटची फाइल बंद झाली तेव्हाही ते तिथेच होतं, नुसतं ठेवलेलं. साहेबाची थुंकी परवडली, पण त्या बोटाची मला अजून शिसारी येते.