तोंड लपवणारा ड्रायव्हर

सगळ्यात कुरूप इंजिन कोणतं, यावरून स्केलबीच्या आमच्या रेल्वेप्रेमी मंडळात जितकी भांडणं झाली तितकी अख्ख्या गावात कुंपणांवरून झाली नसतील. दर फेब्रुवारीत एका शनिवारी दुपारी, चॅपलच्या मागच्या हॉलमध्ये, आमची 'कुरूप सभा' भरायची. प्रत्येकानं एकच स्लाइड आणायची. ती पडद्यावर आली की बाकीच्यांनी तिची यथेच्छ निंदा करायची आणि शेवटी मतदान. जिंकेल त्याला पोचे पडलेली एक जुनी तेलाची झारी मिळायची. बाहेरच्याला हा पोरखेळ वाटेल. वाटू दे. त्या झारीपायी दोन माणसांनी एकमेकांशी बोलणं टाकलं होतं आणि त्यातला एक मी होतो.

दुसरा सेड्रिक मूरहाउस, मंडळाचा अध्यक्ष. त्याला मी चाळीस वर्षं ओळखतो आणि त्यातली एकोणचाळीस तो मला आवडलेला नाही. हा वाफेचा भक्त. धुराडं असलेलं काहीही त्याला सुंदर दिसतं आणि डिझेल म्हणजे चाकं लावलेलं कपाट. मी नगरपालिकेच्या नकाशा विभागात नोकरी केली, मला रेषेतलं कळतं. एरवी आम्ही एकमेकांना रस्त्यात ओळख दाखवत नसू. सभेत मात्र बोलायचो, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"युद्धातलं ते क्यू-वन इंजिन घ्या," मी म्हणायचो. "बॉयलर आहे की गुंडाळलेली गादी? चाकांवर झाकण नाही, काही नाही. कपडे घालायच्या आधीच घराबाहेर पडलंय."

"लोखंड मिळत नव्हतं तेव्हा, लायनेल," सेड्रिक सावकाश म्हणायचा, शाळेतल्या पोराला समजावावं तसं. "गरिबी आणि कुरूपता यातला फरक ज्याला कळत नाही त्यानं नकाशेच काढावेत."

"काढले ना. तुझ्या गल्लीचं गटारही मीच काढलंय."

असं चालायचं. पण शेवटी झारी माझ्याकडेच यायची. एकदोनदा नाही, चौदा वेळा. कारण माझ्याकडे पावाच्या डब्याची स्लाइड होती.

पावाचा डबा हे आम्हीच ठेवलेलं नाव. बावीस डिझेल इंजिनं बनवली होती तसली, आणि आमच्या मार्गावर ती चौसष्टपासून त्र्याऐंशीपर्यंत धावली. नाक सपाट. पुढच्या दोन खिडक्या इतक्या जवळजवळ की थोबाड दुसऱ्याचा चष्मा घालून बसल्यासारखं दिसायचं. छतावरचे भोंगे कुणीतरी तिथे विसरून गेल्यासारखे. मी आजही म्हणतो, ते इंजिन कुरूप होतं. पुढे जे सांगणार आहे त्यानं माझं हे मत बदललेलं नाही, ते आधीच सांगून ठेवतो.

फलाटाच्या उत्तर टोकाला आम्ही दहाबाराजण कॅमेरे घेऊन उभे असायचो, पावसात, गारठ्यात, कशातही. लांबून पावाचा डबा दिसला की सगळे कॅमेरे खाली यायचे. कुणी पाठ फिरवायचं, कुणी थर्मास उघडायचं. नंबर तेवढा वहीत लिहायचा, कारण नंबर हा नंबर असतो. फिल्म मात्र त्याच्यावर घालवायची नाही, हा आमचा नियम होता आणि तो कुणी मोडला तर त्याची महिनाभर टर उडायची. मी तो एकदाच मोडला. एकाहत्तरच्या मार्चमध्ये, पुढच्या फेब्रुवारीत भरणाऱ्या पहिल्या कुरूप सभेसाठी.

ती स्लाइड तुम्ही पाहायला हवी होती. ऊन बरोबर तोंडावर, सपाट नाकावरची प्रत्येक भेगसुद्धा स्पष्ट. आणि बाजूच्या खिडकीत ड्रायव्हर, हाताचा पंजा चेहऱ्यावर आडवा धरलेला. डोळे, नाक, तोंड, सगळं पंज्याआड. मी पहिल्या सभेत म्हणालो, "बघा, ड्रायव्हरनंसुद्धा तोंड लपवलंय." हॉल हसून लोळला. त्यानंतर दर वर्षी ती स्लाइड आली की ते वाक्य सगळेच एका सुरात म्हणायचे. सेड्रिकही म्हणायचा. वर्षभरात आमचं एकमत व्हायचं ते तेवढ्याच एका वाक्यापुरतं.

दोन हजार चारच्या सभेत, मध्यंतरात, एक बाई आल्या. पन्नाशीला टेकलेल्या, ओला कोट, हातात छत्री. चहाच्या टेबलापाशी मी सँडविच घेत होतो. मी मंडळाचा सचिव, म्हणून कुणीतरी 'थ्वेटना विचारा' म्हणत त्यांना माझ्याकडे पाठवलं.

"मी जॅनिस स्पिंक," त्या म्हणाल्या. "माझे वडील मंगळवारी गेले. विल्फ्रेड स्पिंक. इथल्या मार्गावर ड्रायव्हर होते."

मी दुःख झालं म्हणालो. माणूस म्हणतो तसंच.

"येत्या शुक्रवारी अंत्यविधी आहे. मला त्यांचा कामावरचा एक फोटो हवाय. इंजिनात बसलेला. घरात एक नाही. कामावर कॅमेरा कोण नेतं? सकाळच्या दहा बेचाळीसच्या गाडीवर ते एकोणीस वर्षं होते, स्केलबीवरूनच जायचे. बाबा सांगायचे की फलाटाच्या टोकाला नेहमी फोटोवाली मंडळी असतात. ती तुम्हीच ना?"

"आम्हीच," मी म्हणालो, जरा ताठूनच. "काळजी करू नका बाई. दहा बेचाळीस म्हणजे... इंजिन कुठलं असायचं?"

"मला नावं नाही कळत. हिरवं, सपाट नाकाचं."

आजूबाजूचे चारपाचजण ऐकत होते. कुणीतरी फिसकन हसलं आणि मग खोकला आल्यासारखं केलं. एकानं सांगितलं की आपल्याकडे पाच हजार फोटो आहेत, पण ते... नाही, त्या इंजिनाचा नसेल. दुसऱ्यानंही मान हलवली. बाई एकेकाच्या तोंडाकडे बघत होत्या.

"एकोणीस वर्षं," त्या म्हणाल्या. "रोज. आणि तुमच्यापैकी कुणाकडेच नाही?"

तेव्हा सेड्रिक पुढे आला, हातात कप. त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी ओळखलं. चौदा झाऱ्यांचा हिशोब होता तो. "लायनेलकडे आहे की," तो म्हणाला. "एक आहे. फार गाजलेला आहे. थांबा तुम्ही, आता लागेलच पडद्यावर."

इथे मला काही करता आलं असतं. प्रोजेक्टर माझ्याच ताब्यात होता. दिवे मालवायच्या आधी ती स्लाइड काढून खिशात घालायला दोन सेकंद पुरले असते आणि बाईंना बाजूला घेऊन नीट सांगता आलं असतं. मी स्लाइडवर बोटही ठेवलं. मग वाटलं, सेड्रिक यावर्षी नॉर्वेतलं कसलंतरी बर्फ उडवणारं भुताटकीचं इंजिन घेऊन आलाय, माझी स्लाइड नसेल तर झारी त्याची. आणि फोटोतला ड्रायव्हर त्यांचेच वडील कशावरून? त्या मार्गावर ड्रायव्हर काय एकच होता? असलं स्वतःला पटवत मी बोट काढून घेतलं. मी हलकट माणूस नाही असं मला तोवर वाटत होतं.

पावाचा डबा पडद्यावर आला आणि हॉलमधले चाळीस जण, नेहमीप्रमाणे, एका दमात म्हणाले, "ड्रायव्हरनंसुद्धा तोंड लपवलंय."

हशा झाला, पण मागच्या बाजूनं तो विरत गेला, कारण बाई उठून मधल्या वाटेनं पडद्याकडे निघाल्या होत्या. त्यांच्या कोटावर हिरवा उजेड पडला. त्या अगदी जवळ गेल्या आणि खिडकीतला तो पंजा बघत राहिल्या.

"ही करंगळी बाबांची," त्या म्हणाल्या. "दरवाजात चिरडली होती."

कुणी दिवे लावले. पडद्यावरचं चित्र फिकं झालं, पण तसंच राहिलं. मला प्रोजेक्टर बंद करायचं सुचलं नाही.

"किती वर्षं म्हणताय तुम्ही हे?" त्यांनी विचारलं.

सेड्रिकच म्हणाला, "तेहेतीस."

"ते तोंड लपवत नव्हते. हात हलवत होते. तुम्हाला." त्या वळल्या. "तुम्ही कॅमेरे खाली करता हे त्यांना माहीत होतं. घरी येऊन सांगायचे, आज पण पोरांनी पाठ फिरवली. हसून सांगायचे, पण रोज सांगायचे. मग एक दिवस आले ते शीळ घालतच. म्हणाले, आज एकानं काढला माझा फोटो, मी हात केला त्याला. आईला म्हणाले, मासिकात येईल बघ. वर्षभर ते रेल्वेचं मासिक घेत होते. दर महिन्याला पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत बघायचे. आम्हाला हात लावू द्यायचे नाहीत, त्यांचं बघून होईपर्यंत."

माझ्या शेजारच्या म्हाताऱ्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली. मला वाटलं, आता यांनी ओरडावं, शिव्या द्याव्यात, म्हणजे मलाही काहीतरी उलट बोलता येईल.

"कुणी काढला हा?"

"मी," मी म्हणालो.

"एवढाच एक?"

हो म्हणायचं होतं मला. 'हो' म्हटलं असतं तर कुणाला काय कळणार होतं? पण तिकडून सेड्रिक माझ्याकडे बघत होता, आणि तो स्वतः फोटो काढणारा माणूस. चालत्या गाडीवर आपल्यातलं कुणीही एकदाच बटण दाबत नाही, हे त्याला माहीत होतं. आणि खरं सांगायचं तर मला तेहेतीस वर्षांत कुणी हे विचारलं नव्हतं.

"दोन काढले होते," मी म्हणालो. "एक याच्या आधीचा. सेकंदभर आधीचा."

"तो कुठेय?"

"फेकला."

"बिघडला होता?"

"नाही. चांगला होता." मी पडद्यावरच्या पंज्याकडे बघत म्हणालो. "त्यात तुमच्या वडिलांचा चेहरा दिसत होता. सभेला एकच स्लाइड चालायची, आणि... त्या फोटोत इंजिन कुरूप दिसत नव्हतं. म्हणजे होतं कुरूपच, पण बघणारा त्यांच्याकडेच बघत राहिला असता. कोणी हसलं नसतं."

बाईंनी मान हलवली, हळूच, एकदाच. मग पर्स उघडली. मला वाटलं, रुमाल काढतायत. त्यांनी गॅसच्या बिलाचं एक पाकीट काढलं, ते उलटं केलं, पेन शोधलं आणि पहिल्या रांगेतल्या एकाला उठवून त्याच्या खुर्चीवर बसल्या.

"सांगा," त्या म्हणाल्या.

"काय?"

"कसे दिसत होते ते. त्या फेकलेल्या फोटोत."

"बाई, मी..." मला तिथून पळून जावंसं वाटलं. "तेहेतीस वर्षं झाली त्याला. मी घरी तुम्हाला नीट लिहून—"

"मिस्टर थ्वेट, मला तुमच्या तोंडावर थुंकावंसं वाटतंय," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "पण तो फोटो तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणी पाहिलेला नाही. तेव्हा बोला, आणि सावकाश बोला, मला लिहून घ्यायचंय."

मग मी उभा राहून सांगायला लागलो. टोपी मागे सरकलेली, कपाळावर तिचा वळ. हात पूर्ण वर, खिडकीच्या चौकटीच्याही वर. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. डावीकडचा एक दात नव्हता. डोळे उन्हानं बारीक झालेले, पण सरळ माझ्याकडे बघत होते. हसत होते ते, कुणीतरी ओळखीचं भेटल्यावर माणूस हसतो तसे. मला सगळं आठवत होतं, बारीकसारीक सगळं, आणि ते किती आठवतंय हे मला बोलता बोलताच कळत गेलं. चाळीस माणसं खाली बघत बसली होती. बाई लिहीत होत्या. पाकीट भरत आलं तशी त्यांनी अक्षरं लहान केली.

"दात वरचा की खालचा?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"वरचा," मी म्हणालो.